मिन सरांच्या वर्गातलं श्राद्ध

मिन दॉक-सू सर गावच्या शाळेत इतिहास शिकवायचे. पण मुलांना विचारलं तर ती म्हणायची, इतिहास तोंडी लावण्यापुरता, खरा विषय नमस्कार. आणि ते काही खोटं नव्हतं. राजे, लढाया, जपान्यांचा अंमल, उत्तर-दक्षिण कोरियाचं युद्ध हे सगळं सर पुस्तकाबरहुकूम उरकायचे. त्यांचा जीव होता तो शुक्रवारच्या शेवटच्या तासात. वेळापत्रकात त्या तासाला 'आपली संस्कृती' असं भारदस्त नाव होतं. वडीलधाऱ्यांना पेला दोन्ही हातांनी कसा द्यायचा, त्यांच्यासमोर पिताना तोंड कसं वळवायचं, त्यांनी चमचा उचलेपर्यंत आपला हात मांडीवर कसा ठेवायचा, हे सर स्वतः करून दाखवायचे. गुडघे टेकून, कपाळ हातांवर ठेवून नमस्कार घालताना मुलग्याचा डावा हात वर, मुलीचा उजवा. जिवंत माणसाला नमस्कार एक, गेलेल्याला दोन. "एकाच्या जागी दोन घातलेत, तर समोरच्याला जिवंतपणी पोचवलंत म्हणून समजा," असं सर म्हणायचे आणि मुलं दरवर्षी त्याच ठिकाणी हसायची.

शाळा तशी आटत चाललेली. गावातली तरुण माणसं सोल नाहीतर देगू शहरात गेलेली, मागे राहिली ती म्हातारी आणि पर्सिमनच्या केशरी फळांची झाडं. खेळाच्या दिवशी दोन संघ पुरे करायचे तर स्वयंपाकीणबाईंना पळायला लागायचं. अशा शाळेचं नाव जिल्ह्यात कुणी घेत असेल तर ते मिन सरांमुळे. आईवडिलांची सेवा या विषयावरचं त्यांचं भाषण म्हणजे हुकमी एक्का. मधल्या एका ठिकाणी त्यांचा आवाज भरून यायचा, आणि पुढच्या रांगेतल्या बायका पर्समध्ये रुमाल शोधायला लागायच्या. जिल्ह्याने त्यांना एक मानपत्र दिलं होतं. ते शिक्षकांच्या खोलीत, पाणी गरम करायच्या किटलीच्या वर टांगलेलं असायचं, आणि वाफेने त्याची एक कड फुगली होती.

आता सरांच्या वडिलांचं सांगायला हवं, कारण सर स्वतः ते कुणाला सांगत नसत.

मिन फान-सुल हे गामगोल नावाच्या वस्तीतले पर्सिमनचे बागायतदार. बागायतदार म्हणजे काय, चार टेकाडांवरची झाडं आणि एक शिडी. बायको लवकर गेली. म्हाताऱ्याने एकट्याने झाडं सांभाळली, त्या झाडांवर पोराला शिकवलं, आणि पोरगा सर झाल्यावर त्याला सगळ्यांसमोर 'मिन सर' म्हणायला सुरुवात केली. ती थट्टा होती की अभिमान, हे सरांना कधीच कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात म्हातारा ओसरीच्या बर्फाळ पायरीवरून घसरला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्याला पलीकडच्या गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवलं. "थोडे दिवस, बाबा," सर म्हणाले. "पर्सिमन पिकली की घरी नेतो." सरांचे तास, सरांची भाषणं, बायकोची देगूची नोकरी, सगळं खरं होतं. म्हाताऱ्याने मान डोलावली.

सुरुवातीला सर दर रविवारी जायचे. खोलीत पाऊल टाकलं की म्हातारा एकच विचारायचा, "घरी कधी?" सर म्हणायचे, "होईल, होईल." मग ते दोघं भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसायचे. चेरीचा मोहर झडला तेव्हा सरांनी एक रविवार चुकवला. मग एक भाषण आलं, मग सर्दी झाली आणि सर्दी घेऊन म्हाताऱ्या माणसांत जाऊ नये हे तर कुणीही सांगेल. उन्हाळा गेला. सुगीच्या सणाला अख्खा देश आईबापाच्या घरी निघाला, तेव्हा सरांनी बापाला चंद्रकोरीच्या आकाराच्या गोड करंज्यांचा डबा पाठवला. कुरिअरने. त्याच सुट्टीत ते एका निबंधस्पर्धेचे परीक्षक होते. विषय होता, 'माझे आजीआजोबा'.

शुश्रूषागृह काही परदेशात नव्हतं. गाडी सुरू करताना रेडिओवर बातम्या लागल्या तर त्या संपायच्या आत पोचता येईल, एवढंच अंतर. रोज शाळेतून परतताना तिकडे वळणारा फाटा लागायचा. सर फाट्याकडे बघायचे नाहीत. समोरच्या ट्रकच्या नंबराकडे बघायचे.

तर त्या वर्षी नोव्हेंबरात श्राद्धाचा पाठ आला. दर वर्षीचा तो पाठ म्हणजे सरांचं खास काम. वर्गात बुटकं मेज मांडायचं, मागे पडदा, पुढे उदबत्ती. ताटं कुठली कुठे ठेवायची, तांदळाची दारू पेल्यात कशी ओतायची, मृतात्मा जेवत असताना सगळ्यांनी खोलीबाहेर कसं थांबायचं आणि आत यायच्या आधी दाराशी खाकरायचं कसं, हे मुलांकडून करून घ्यायचं. पडद्यापुढे सर कागदाची पट्टी लावायचे. आपल्याकडे तसंच करतात, पट्टीवर पूर्वजाचा उल्लेख लिहितात आणि नंतर जाळून टाकतात. पण त्या वर्षी रंगीत तालमीतच सगळा विचका झाला. मुलं पट्टीला नमस्कार घालायला वाकली आणि एकमेकांना ढुसण्या देत फिदीफिदी हसायला लागली.

"सर, हे कोण आहेत?" थाक यू-जॉनने विचारलं. ही मुलगी त्याच वर्षी देगूहून गामगोलला आजोबांकडे राहायला आलेली. प्रश्न विचारायची तिला खोड होती.

"कोणीही. समज, तुझे पूर्वज."

"पण कोणी तरी असल्याशिवाय कसं वाटणार सर? कागदाबद्दल काय वाटून घ्यायचं?"

सरांना ते लागलं. पालक आणि जिल्ह्याचे दोन अधिकारी पाठ बघायला येणार होते. मुलं हसली तर मानपत्राची दुसरी कडही फुगायची. त्या संध्याकाळी सर गामगोलला गेले, वडिलांच्या कुलूपबंद घरी. मेजासाठी आपल्याच झाडाची पर्सिमन तोडावीत, एवढाच विचार होता. झाड लगडलेलं होतं. कुणी तोडायला नाही म्हणून मॅगपाय पक्ष्यांची चैन चालली होती. फळं ठेवायला टोपली शोधताना कपाटात तो फोटो सापडला.

तो फोटो आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या कपाटात सापडेल. उतारवयाच्या माणसांचे असे फोटो ग्रामपंचायत फुकट काढून देते. म्हणायला तो दीर्घायुष्याचा फोटो. सगळ्यांना माहीत असतं की तो अंत्यविधीला लावायचा. काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणतात, म्हणून म्हातारी माणसं हौसेने रांग लावतात. फान-सुल म्हातारा शेजाऱ्याचा कोट उसना घालून गेला होता. फोटो घरी आला तेव्हा त्याने तो मुलाच्या हातात देऊन म्हटलं होतं, "जागा लक्षात ठेव. ऐन वेळी मी सांगायला नसेन."

सरांनी फोटो पुन्हा कपाटात ठेवला. कुलूप लावलं. गाडीत बसले. मग उतरून कुलूप उघडलं आणि फोटो घेऊन आले.

हे अशुभ आहे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. जन्मभर हेच शिकवणाऱ्या माणसाला कळणार नाही तर कुणाला? पण त्यांनी मनाची समजूत घातली, की हा पाठ आहे, नाटक आहे, आणि चेहरा खरा असला की मुलं हसणार नाहीत. मुलं खरंच हसली नाहीत. काळ्या चौकटीतून एक उन्हाने रापलेला म्हातारा, कोट खांद्यांवर सैल, ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे बघत होता.

"सर, हे कोण आहेत?" यू-जॉनने पुन्हा विचारलं.

आणि सर म्हणाले, "असेच. कुणीतरी आजोबा आहेत."

पाठ असा रंगला की विचारू नका. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. एका मुलाने दारूचा पेला न सांडता धुरावरून फिरवला. मग सरांनी गुडघे टेकून निवेदन वाचायला घेतलं. ते शब्द ठरलेले असतात, बदलायचे नसतात, आणि त्यात वाचणाऱ्याचं स्वतःचं नाव यावं लागतं. "पितृभक्त पुत्र दॉक-सू आपल्या पायांशी नम्रपणे निवेदन करतो. वर्ष सरलं, तो दिवस पुन्हा आला..." पुढचं वाक्य आठवणीचं होतं. सरांनी मान वर केली, समोर बाप होता. भाषणातल्या त्या ठरलेल्या ठिकाणी येतं तसलं ते रडं नव्हतं. नाक गळायला लागलं, आवाज चिरकला, कागद दिसेना. मुलांनी एक नमस्कार घातला, उठली, दुसरा घातला. मागे बसलेल्या आया डोळे पुसत होत्या. अधिकारी उभे राहिले.

नंतर मेजावरचं सगळ्यांनी वाटून खाल्लं. पर्सिमन तेवढी अजून कडक होती, म्हणून ती शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत पिकायला ठेवली. तिथेच मुख्याध्यापिका ह्यॉन बाई सरांजवळ आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"मला फोटो बघताक्षणीच कळलं हो. तुमचंच नाक. सर, कधी गेले वडील? आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत."

नाही हो, आहेत ते. एवढं म्हणायचं होतं. सरांनी तोंड उघडलं देखील. पण मग बाई विचारणार, कुठे आहेत? कसे आहेत? तुम्ही शेवटचं कधी गेला होतात? त्या खोलीत, त्या मानपत्राखाली उभं राहून 'चेरी फुलली होती तेव्हा' असं सांगायचं? सरांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. मान खाली कशी घालावी हे तर ते गेली कित्येक वर्षं शिकवत होते. बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बाप मेल्याचं सरांनी सांगितलं नव्हतं. नुसतं मरू दिलं होतं.

त्याच दिवशी पाठाचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर गेला. खाली बाईंनी लिहिलं होतं, 'दिवंगत वडिलांच्या आठवणीने गहिवरलेले आपले मिन सर.' सरांनी तो मजकूर वाचला. ह्यॉन बाईंना फोन करावा म्हणून नंबर काढला, आणि फोन खिशात ठेवून दिला. उद्या सांगू, म्हणाले. पुढचे काही दिवस लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते, स्वयंपाकीणबाई त्यांच्या ताटात एक तुकडा जास्त वाढत होत्या, आणि सर तो खात होते. तो घशाखाली उतरत होता याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

खिडकीतली पर्सिमन पिकून मऊ झाली, त्या सुमाराला एका दुपारी थाक चुन-बे शाळेत आले. हे यू-जॉनचे आजोबा, फान-सुल म्हाताऱ्याचे लहानपणापासूनचे दोस्त आणि शेजारी. काळा सूट, काळा टाय, डांबरगोळ्यांचा वास. शाळा झाडायची वेळ होती, मुलं व्हरांड्यात फडके मारत होती, आणि त्यांच्यातून हा म्हातारा काठी आपटत सरळ शिक्षकांच्या खोलीत शिरला.

"दॉक-सू," ते म्हणाले आणि मयताच्या मुलासमोर वाकतात तसे वाकले. वर आले तेव्हा रडत होते. "काय रे हे! नातीच्या फोनवर बघायचं मी? चाळीस पावलांवर घर माझं, एका शिडीवर चढून वाढलो आम्ही, आणि तू कळवलं नाहीस? मला वगळून माती दिलीस त्याला?"

"काका, आधी बसा."

"बसायला नाही आलो. कुठे आहे तो ते सांग. आईशेजारी, टेकडीवर? का त्या अस्थी ठेवायच्या नव्या भिंतीतल्या खणात कोंबलास? एक पेला ओततो त्याच्यापुढे आणि जातो."

ह्यॉन बाई खुर्ची घेऊन धावल्या. "आजोबा, सर स्वतःच इतके दुःखात आहेत..."

सरांना पळून जावंसं वाटलं. खरोखर त्यांनी दाराकडे बघितलं. दारात यू-जॉन ओलं फडकं घेऊन उभी होती.

"काका," ते म्हणाले, "बाबा आहेत."

"कुठे आहे?"

"आहेत. जिवंत आहेत. शुश्रूषागृहातच आहेत. तो फोटो... तो पाठ होता. मुलांसाठी."

थाक आजोबांचं तोंड उघडंच राहिलं. ह्यॉन बाईंनी खुर्ची तशीच हातात धरून ठेवली होती. किटलीवरची वाफ मानपत्राला लागत होती, ती बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

"जिवंत आहे," थाक आजोबा हळूहळू म्हणाले. "मग लाव फोन."

सरांनी फोन लावला. नंबर शोधायला वेळ लागला, कारण तो बऱ्याच दिवसांत लावलेला नव्हता. थाक आजोबांना कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज मोठा केला, आणि सगळ्या खोलीने ऐकलं.

"फान-सुल! मी चुन-बे. अरे, तू मेलायस का?"

पलीकडे टीव्हीवर कुणीतरी गात होतं. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. "मला तरी कुणी बोललं नाही. कोण म्हणतं?"

"इथे शाळेत तुझा फोटो लावून श्राद्ध घातलंय."

"कुठला फोटो?"

"तो सरकारी. कोटातला."

"बरा आलाय का?"

"कोट बरा आलाय. माझा होता. अजून परत दिला नाहीस."

व्हरांड्यात एक मुलगा फसकन हसला आणि गप्प झाला.

"श्राद्ध कुणी घातलं?" फोनमधून आलं.

थाक आजोबांनी सरांकडे बघितलं. आता त्यांना सांगायचं जिवावर आलं होतं. "तुझ्या पोरानेच," ते म्हणाले.

टीव्हीवरचं गाणं संपलं, टाळ्या वाजल्या. "आहे तिथे?" म्हाताऱ्याने विचारलं. "दे त्याला."

सरांचा हात पुढे गेला नाही. "सांगा... शाळा सुटली की येतो."

"येतो म्हणतो."

"कधी?"

"आज."

"आज?" म्हातारा म्हणाला. त्या एका शब्दात एवढा अविश्वास होता की खोलीतल्या प्रत्येकाने आपापली नजर दुसरीकडे वळवली.

मोठ्यांना सांगून झालं. मुलांना सांगणं त्याहून अवघड निघालं. यू-जॉन दारातच रडायला लागली होती. "सर, आम्ही त्यांना दोनदा नमस्कार घातला. तुम्हीच म्हणता, जिवंत माणसाला दोनदा घातला तर... त्यांना काही होणार नाही ना?"

सरांनी मुलांना वर्गात बसवलं. फळ्यापाशी उभं राहायचा त्यांना धीर होईना, म्हणून ते पहिल्या बाकावर बसले, मुलांच्या उंचीला.

"त्यांना काही होणार नाही. चूक तुमची नाही, माझी आहे. ते माझे वडील आहेत. कुणीतरी आजोबा म्हणालो ते खोटं होतं, आणि ते वारल्याचं सगळ्यांना वाटलं तेव्हा मी गप्प बसलो."

"का?" यू-जॉनने विचारलं. खोडच तिला.

"खरं सांगितलं असतं, तर मी त्यांना भेटायला जात नाही हेही सांगावं लागलं असतं."

"का नाही जात?"

"लाज वाटते."

"त्यांची?"

"नाही गं," सर म्हणाले. "माझी."

मागच्या बाकावरचा एक जण उठला, शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतली पर्सिमन एका पिशवीत भरून घेऊन आला आणि त्याने पिशवी सरांपुढे धरली. दोन्ही हातांनी, मान वाकवून, त्यांनीच शिकवलं होतं तसं. सरांना ती घेताना वर बघवलं नाही.

त्या दिवशी फाट्यावर सर वळले. बातम्या संपल्या तरी गाडीतून उतरायला त्यांना बराच वेळ लागला. बाप ओरडेल याची त्यांना भीती नव्हती. ओरडला तर बरंच होतं. भीती होती ती नेहमीच्या प्रश्नाची. पर्सिमन तर पिकली होती, आणि ती त्यांच्याच हातातल्या पिशवीत होती.

खोलीत चार खाटा होत्या. बातमी आधीच पोचलेली दिसत होती, कारण चारही म्हातारे दाराकडे तोंड करून होते.

"या, मिन सर," फान-सुल म्हातारा उशीवरून म्हणाला. तो फोटोतल्यापेक्षा पुष्कळ लहान दिसत होता. "मेलेल्याकडे रिकाम्या हाताने येत नाहीत. काय आणलंस?"

सरांनी पिशवी उघडली. म्हाताऱ्याने एक फळ उचललं, उलटं केलं, देठ बघितला. "वरच्या टेकाडावरचं," तो म्हणाला. सरांनी साल काढून ते चमच्याने भरवायला घेतलं. म्हाताऱ्याने चमचा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः खाल्लं. हनुवटीवर रस ओघळला. सगळं खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, "व्हिडिओ आहे म्हणे. दाखव."

"नको, बाबा."

"माझं श्राद्ध मी नको बघायला? एवढी संधी कुणाला मिळते?"

शेजारच्या खाटांवरच्या म्हाताऱ्यांनीही आग्रह धरला. सरांनी फोन पुढे धरला. मेज दिसलं, पडदा दिसला, आणि एक म्हातारा म्हणाला, "थाट आहे बाबा तुझा. माझा पोरगा बाजारातून आयतं ताट आणून ठेवील." दुसरा म्हणाला, "पोरं गुणी आहेत. कशी रांगेत बसलीत बघ." फान-सुलची नजर फोनवर होती. फोनमधून सरांचा आवाज आला, भारदस्त, स्पष्ट. पितृभक्त पुत्र दॉक-सू आपल्या पायांशी नम्रपणे निवेदन करतो.

ते शब्द त्या खोलीत, त्या औषधांच्या वासात ऐकताना सरांना शरमेने मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगली असती तर ते आनंदाने आत गेले असते. त्यांनी फोन बंद करायला बोट पुढे केलं. म्हाताऱ्याने त्यांचं मनगट धरलं.

"थांब. हे रडणं खरं आहे?"

"हो."

"मग इथे येऊन का नाही रडलास?"

सर म्हणाले, "तुम्ही विचाराल म्हणून. घरी कधी, म्हणून. माझ्याकडे उत्तर नव्हतं, बाबा. अजूनही नाही. आमच्याकडे जिना आहे, गामगोलला पायऱ्या आहेत, दिवसभर कोणी नसतं. पर्सिमन पिकली की नेतो म्हणालो ते त्या दिवशीही खरं नव्हतं."

"ते मला माहीत होतं," म्हातारा म्हणाला. "ओसरीची पायरी मीच बांधलीय. ती मला चढता येणार नाही, हे मला कळत नाही होय?"

"मग दर वेळी का विचारायचात?"

"दुसरं काय विचारू? तू यायचास आणि टीव्ही बघत बसायचास. काहीतरी बोलायला हवं ना माणसाने."

शेजारच्या खाटांवरचे म्हातारे एकाएकी आपापल्या पांघरुणांच्या टोकांत गुंतले. सरांना वाटलं, वसंतापासून आतापर्यंत आपण एका प्रश्नाला घाबरून पळत राहिलो, आणि तो प्रश्न नव्हताच. बापाला मुलाशी बोलायचं होतं, एवढंच होतं. ही गोष्ट आपल्याला कळली नाही, आणि आपण शुक्रवारचा शेवटचा तास घेतो! त्यांना रडायचं होतं, पण रडण्याचाही आता भरवसा वाटेना. ते खाटेपासून मागे सरकले, कोट सारखा केला, उजव्या हातावर डावा हात ठेवला आणि गुडघे वाकवायला लागले.

"अरे, अरे, थांब!" म्हातारा ओरडला. "निजलेल्याला नमस्कार घालतात का? शाळेत हेच शिकवतोस? मला आधी बसव."

सरांनी त्याला काखेत धरून उठवलं. तो हलका लागला, फळं काढलेल्या टोपलीसारखा. पाठीशी उशी लावली. म्हाताऱ्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, विरळ केसांवरून हात फिरवला, ओठ मिटले, आणि फोटोतल्यासारखा ताठ बसला.

मिन सरांनी शुश्रूषागृहाच्या थंड फरशीवर गुडघे टेकले आणि कपाळ हातांवर ठेवलं. शिकवताना ते मुलांना सांगायचे, श्वास सोडायचा आणि उठायचं. त्यांनी श्वास सोडला. उठता येईना. वर बघायचं तर बापाच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं. खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला. सर तसेच पडून राहिले, खांदे हलत होते.

मग वरून बापाचा आवाज आला.

"झाला एक. ऊठ आता. दुसऱ्याला अजून अवकाश आहे."